बायनाबाईचा वरचा वारा

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत माझी चांगलीच शोभा झाली आहे. तरी मीच सांगायला बसलो, कारण दुसऱ्या कोणी सांगितली तर तो तिखटमीठ लावल्याशिवाय राहणार नाही. आमच्या डोंगरहेटीत तसल्या कलाकारांना तोटा नाही. अजूनही सिंदेवाहीच्या बाजारात चहाला टेकलो की मागून कोणीतरी विचारतंच, "का जी गुणवंतभाऊ, आज किती वारा काढला?" आणि चार टवाळ दात काढतात. वीस वर्षं मी या गावचा पोलीस पाटील होतो हो! मी खाकरलो तरी चावडीवरची कुत्री उठून जायची. आता कुत्रीसुद्धा उठत नाहीत. जाऊ द्या.

गोष्ट माझी नाहीच. बायनाबाईची आहे.

बायनाबाई म्हणजे माझा शेजारी नानाजी, त्याची बायको. साठीची, अंगानं काटकुळी, चाल भरभर आणि जीभ त्याहून भरभर. माहेर मुलचेऱ्याकडचं, अगदी जंगलाला लागून. लहानपणी घरच्यांनी तिला एकच काम लावलं होतं. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात मचाण, त्या मचाणावर बसायचं आणि रानडुकरं आली की डबा बडवायचा. चार-पाच वर्षं ही पोरगी पावसाळा-हिवाळा वर बसून होती. तिथे बसल्या बसल्या तिला एक गोष्ट कळली, जी खाली फिरणाऱ्या आम्हा शहाण्यांना जन्मभर कळली नाही. खाली पान हलत नसलं तरी वर तिचे केस उडायचे.

ती लग्न होऊन आमच्या गावात आली ते साल मला पक्कं आठवतं, कारण त्या साली वारा रुसला होता. धानाची मळणी झालेली, खळ्यात ढीग पडलेले, आणि उडवणीला वारा नाही. उडवणी म्हणजे सुपातून धान उंचावरून सोडायचं, वाऱ्यानं भूस बाजूला जातं आणि दाणा खाली पडतो. आठ दिवस सारा गाव सूप धरून आभाळाकडे बघत बसला. नवव्या दिवशी ही नवी नवरी खळ्यात आली आणि नानाजीला म्हणाली, "बंडी आना जी इथी." बैलबंडी आणली. तिच्यावर तिवई ठेवायला लावली. पदर खोचला आणि चढली वर! सासू बायनाबाईच्या नावानं बोटं मोडत होती, "अवो, सून हाये का माकड?" पण तिनं सूप कलतं केलं आणि भूस निघालं उडून थेट धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत. आम्ही बघतच राहिलो. वरून ती म्हणाली, "खाली नाई जी. वर हाये."

त्या दिवसापासून पंचवीस-तीस वर्षं गावात उडवणी म्हटली की बायनाबाईला बोलावणं जायचं. ती येऊन खळ्यात उभी राहायची, चिमूटभर माती सोडून बघायची आणि सांगायची, "आता नाई. जेवून या. दिवस कलला का येते तो." तसंच व्हायचं. पैसे तिनं कधी घेतले नाहीत. दर खळ्यामागे एक सूप धान, बस. पण गावात मान असा की सरपंचाला नसेल.

हा मान गेला कसा? मीच घालवला. ट्रॅक्टर घेतला तेव्हा सोबत उडवणीचा पंखाही आणला. मागे जोडायचा, ट्रॅक्टर सुरू करायचा, की हवा तेवढा वारा तयार. मग मळणीयंत्र आलं, त्याच्या पोटातच पंखा. मग निकेशनं हार्वेस्टर आणला. निकेश म्हणजे गावातला तरणा पुढारी, मोबाईलवर बोटं आणि बोलण्यात मिरच्या. वारा केव्हा येईल हे बायनाबाईला विचारायला कोणी जाईनासं झालं. पण दिवाळीनंतर धानाचे पुंजणे, कापलेल्या पेंढ्यांचे ढीग, पडले की ती अंगणात उगाच माती सोडून बघायची, हे मी माझ्या ओसरीवरून पाहायचो. मला वाईट वाटायचं, पण पंखा काही मी विकला नाही.

मग दोन वर्षांमागे, दिवाळी आटोपल्यावर गावात कंपनीची जीप आली.

तिच्यातून उतरली महेक. वरोऱ्याची पोरगी, बाप नूर मोहम्मद तिथे मोटारी भरतो, म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतो. ही शिकून इंजिनिअर झाली आणि पवनचक्क्यांच्या कंपनीत लागली. समाजमंदिरात गावसभा भरली. महेक अशी समजावून सांगत होती की मलाही कळलं. पूर्वी पवनचक्क्या फक्त सोसाट्याचा वारा असेल तिथे, सातारा-धुळ्याकडे लागायच्या. आता खांब उंच झाले, पाती लांब झाली, त्यामुळे कमी वाऱ्याच्या मुलखातही परवडतं का, हे कंपन्या बघायला लागल्या. पण एका पवनचक्कीला वीस कोटींच्या वर खर्च. तो कर्जाशिवाय होत नाही, आणि बँक कोणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. ती म्हणते, वर्षभर वारा मोजून दाखवा. "आणि काका," महेक म्हणाली, "वारा सव्वापट झाला तर वीज सव्वापट नाही होत, जवळजवळ दुप्पट होते. म्हणून थोडासा फरक पडला तरी सगळा धंदा बसतो नाहीतर उठतो."

मोजणीसाठी त्यांच्या यादीत दोन जागा होत्या. एक आमच्या गावाबाहेरची बरड, म्हणजे मुरमाड माळ, दुसरी कुठलीशी टेकडी. पैसा एकाच खांबाचा. महेकनं विचारलं, "तुमच्याकडे वारा कसा असतो?"

मी उठलो. मला उठायची सवयच आहे. म्हणालो, "म्याडम, इथी वारा नाई. इथी फक्त गरम हाये." सारी सभा हसली. मीही हसलो. कंपनीचा एक माणूस तर कागदावर फुली मारायला पेन काढूनच बसला होता.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं बायनाबाई उभी राहिली. "वारा हाये," ती म्हणाली. "खाली नाई, वर हाये. जितकं वर जासान तितका."

"आजी, तुम्हाला कसं माहीत?"

"मी चढली हावो म्हनून."

निकेशला गप्प बसवेल तर शपथ. तो म्हणाला, "आजी, अन् नाई निघाला तं?"

बायनाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असतो तर खाली बसलो असतो. "नाई निघाला तं पुढच्या साली याच जागी उभी राहून म्हनीन, का बायना फोकनाड मारत होती. अन् मंग जन्मात वाऱ्याबद्दल तोंड नाई उघडनार. झालं तुहं समाधान?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या बाजूच्या नव्हत्या, तमाशाच्या होत्या. पण महेकनं कागद फिरवला आणि आमच्या बरडीवर खूण केली.

पंधरा दिवसांत खांब उभा राहिला. शंभर मीटर उंच, बारीक, चहूबाजूंनी तारांनी ताणलेला. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत वाटीसारखे कप, वारा लागला की गरगर फिरणारे. सगळ्यात खालचा तीस-पस्तीस फुटांवर, वरचा अगदी टोकाला. किती फिरले ते एका पेटीत दर दहा मिनिटांनी आपोआप लिहिलं जायचं. राखणीला कोणीतरी हवं होतं. महेकनं बायनाबाईलाच ठेवलं. महिन्याला पगार, एक खुर्ची, एक छत्री आणि एक रजिस्टर. रोज सकाळ-संध्याकाळ हवा कशी आहे आणि काही वेगळं घडलं का, ते लिहायचं.

बायनाबाई चौथी पास. अक्षर मुंग्या पळाल्यासारखं. पण लिहायची मात्र नेमानं. एकदा मी चोरून वाचलं. "सकाळी वारा आळसावून पडला. संध्याकाळी वरच्या कपाले जाग आली, खालचा झोपूनच." दुसऱ्या दिवशी, "आज गुणवंतरावाची म्हैस तारेले अंग घासत होती. म्हशीले हाकललं. गुणवंतरावाले बोलली." हे खरं होतं. बोलली कसली, उभा सोलला मला.

बाई खुशीत होती. खुर्चीवर बसून वर बघायची, कपांशी गप्पा मारायची. माणूस साठीला आला की कामावरून उतरतो, ही मात्र कामावर चढली होती.

माघात महेक आकडे बघायला आली. पळसाखाली लॅपटॉप उघडून बसली. नानाजी चहा घेऊन गेला. आता नानाजी हा माणूस कसा, ते सांगतो. दिवसाला दहा शब्द बोलला तर अकरावा उद्यावर ठेवील. बायको बोलते, हा ऐकतो, असा बेचाळीस वर्षांचा सुखाचा संसार. त्यानं चहा खाली ठेवला तेव्हा महेक बायनाबाईला सांगत होती, "आजी, खालचा कप तर अगदीच मरगळलेला आहे. आकडा फारच कमी." एवढं ऐकून नानाजीचं धाबं दणाणलं. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

दुसऱ्या सकाळी तो माझ्या ओसरीवर हजर. "गुणवंता, ट्रॅक्टर पायजे. उडवणीच्या पंख्यासंगं."

"माघात कायची उडवणी रे?"

त्यानं बरडीकडे बोट केलं. मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. "अरे भैताडा! कपाले वारा घालतं का?"

"आकडा कमी हाये म्हने. अख्खं गाव हासन तिले." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. डोळे पाण्यानं भरलेले. डिझेलचे पैसे त्यानं मुठीत आणले होते.

मी हो म्हटलं. दयेबियेनं म्हटलं असं सांगून मोठेपणा घेत नाही. बरडीला लागून माझं वावर आहे. पवनचक्की आली तर एक माझ्याही जमिनीत लागेल, जागेचं भाडं मिळेल, हा हिशोब मी सभेच्या रात्रीच करून ठेवला होता. नानाजी बायकोसाठी चोरी करत होता, मी माझ्यासाठी.

बायनाबाई दुपारी बारा ते दोन घरी जेवायला यायची. तेवढ्यात आम्ही जायचो. पंखा ट्रॅक्टरच्या मागे असतो, आणि आम्हाला तर वारा वर हवा. मग डोकं चालवलं. बरडीवर एक मुरमाचा खड्डा आहे. ट्रॅक्टरचं तोंड खड्ड्यात उतरवलं, शेपूट आभाळाकडे केलं आणि पंखा सुरू. बाप्पा बाप्पा! तो खालचा कप असा फिरायला लागला, की नानाजी चक्क हसला. बेचाळीस वर्षांत मी त्याला तसा हसताना पाहिला नव्हता. अकरा दिवस आम्ही हा उद्योग केला. दोन म्हातारे, भर दुपारी, डोक्याला दुपट्टे बांधून शंभर मीटरच्या खांबाला वारा घालतायत! आता आठवलं तरी स्वतःचे कान ओढावेसे वाटतात.

पण बायनाबाईपासून वारा लपवायचा म्हणजे मांजरापासून दूध लपवायचं. अकराव्या दिवशी ती जेवून परतली आणि कुंपणाशी थबकली. मोहाची वाळकी पानं उत्तरेकडच्या कुंपणाला गोळा झाली होती. त्या दिवसांत आमच्याकडे वारा येतो उत्तरेकडून, पानं जायला हवीत दक्षिणेला. तिनं गवत पाहिलं, तेही उलटं झोपलेलं. बाराव्या दिवशी जेवायला निघाली, आणि जेवायला गेलीच नाही. पळसाच्या मागे बसली.

आम्ही आलो, खड्ड्यात उतरलो, पंखा सुरू केला. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "झाली का उडवणी?"

नानाजीनं ट्रॅक्टर बंद केला. मी खड्ड्यात होतो, तिथेच राहिलो. पोलीस पाटलानं लपण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

मला वाटलं आता आमचं भूस होणार. पण ती ओरडली नाही हो! ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर जाऊन बसली, चष्मा लावला, किती दिवस चाललं ते मला विचारलं आणि रजिस्टर उघडलं. मी हात जोडत बाहेर आलो. "बायनाबाई, लिहू नोको. माह्या इज्जतीचा सवाल हाये. कंपनीले समजलं तं खांब उपटून नेईन, गावाचं नुकसान होईन, तुहीच मान खाली जाईन."

"माह्या मानेचं मी पाहीन," ती म्हणाली आणि लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे, सगळ्या गावाला पाठ आहे. "मागचे अकरा दिवस अन् आज दहा मिनिटं, दुपारी बारापासून दोनपर्यंत खालच्या कपाले जो वारा लागला तो वारा नव्हता. तो गुणवंतरावाचा ट्रॅक्टर होता. डिझेल माझ्या नवऱ्याचं."

लगेच तिनं महेकला फोन लावून रजिस्टर वाचूनही दाखवलं. मग महेक म्हणाली, "मी येते आजी."

ती यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत गावानं बायनाबाईला सोलून काढलं. "काऊन लिहिलं? कोन पाहाले आलं होतं?" निकेश तर चौकात म्हणाला, "वारा नाई हे तिले समजलं, म्हनून आधीच बहाना तयार करून ठेवला." हे तिच्या कानावर गेलं. ती रोज तेवढ्याच भरभर चालत बरडीवर जायची. नानाजीशी मात्र ती बोलत नव्हती. निरोप माझ्यामार्फत. दोन घरांच्या मधल्या कुडावरून आवाज यायचा, "गुणवंतभाऊ, त्या मानसाले सांगा, भात वाढला हाये." तो माणूस तिच्यापासून तीन हातांवर बसलेला असायचा. मी सांगायचो. काय करता?

महेक आली तेव्हा अर्धा गाव बरडीवर जमला. तिनं रजिस्टर वाचलं. चेहरा गंभीर ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला, पण "डिझेल माझ्या नवऱ्याचं" इथे ती फुटली. पोट धरून हसली. आम्ही दोघे गुन्हेगार उभेच.

मग तिनं काडी घेतली आणि मातीत एक उभी रेघ ओढली. "हा आपला खांब, शंभर मीटर. पण पवनचक्कीचा पंखा लागेल दीडशेवर. तिथे आपला कप नाही. मग तिथला वारा कसा ओळखायचा? खालून वर जाताना वारा किती वाढतो ते बघायचं, आणि त्याच वाढीनं आणखी वर हिशोब न्यायचा. समजा खालच्या कपाला दोन, वरच्याला पाच. म्हणजे वाढ जोरात आहे. दीडशेवर जवळजवळ सहा मिळणार. कंपनीला निदान सहा हवेत." ती माझ्याकडे वळली. "आता काकांनी खालच्या कपाला केले चार. वर पाचच. म्हणजे वाढ किती उरली?"

"थोडीच," मी म्हणालो.

"मग दीडशेवर कागद दाखवणार सव्वापाच. धंदा बंद. काका, तुम्ही वारा घातला नाही, काढून घेतला! खालचा कप मरगळलेला आहे, हे मी आजीला खुशीनं सांगत होते. आजी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होत्या ना, खाली नाही, वर आहे?"

बरडीवर असा हशा उठला की तारेवरची पाखरं उडाली. मी नानाजीकडे पाहिलं, नानाजीनं जमिनीकडे. पुढचं मात्र महेक हसू आवरून म्हणाली, "दिवस आणि तास लिहिले आहेत म्हणून तेवढेच आकडे काढून टाकता येतील. लिहिलं नसतं, आणि हे नंतर उघडकीला आलं असतं, तर बँकेनं पूर्ण वर्ष फेकून दिलं असतं." बायनाबाईनं कोणाकडे पाहिलं नाही. "चहा ठेवू का व पोरी?" एवढंच विचारलं.

खांब राहिला. पण वारा आहे की नाही, याचा निकाल अजून लागायचाच होता. उन्हाळा आला, पावसाळा आला, रोवणी झाली, पोळा झाला. घरात दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं, माझी टपालकी सुटली. फक्त त्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की ती उठून आत जायची. नानाजीनं दोनदा तोंड उघडून बघितलं, तिनं दोनदा भांडी वाजवली. आणि जसजसा निकालाचा दिवस जवळ यायला लागला, तसा तिचा घास कमी व्हायला लागला. कुडाच्या अलीकडून मला दिसत होतं. सारा गाव म्हणत होता, बघू आता बुढी काय म्हणते उभी राहून.

धान निघाल्यावर पुन्हा समाजमंदिरात सभा भरली. कधी न येणारेही आले होते. आशाबाई, आमच्या घरची, मला म्हणाली, "आज तुमी नोका उठू सभेत." बायनाबाई बायांमध्ये पुढे बसली होती, हात मांडीवर गच्च धरून. नानाजी मागे, दाराशी.

महेकनं कागद काढला. "वर्षाचा हिशोब. आजींनी लिहून दिलेले तास वगळून. सगळ्यात खालचा कप, सेकंदाला दोन पूर्णांक सात मीटर." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "टोकाचा कप, पाच पूर्णांक सहा." हसणं थांबलं. "दीडशे मीटरवर, सहा पूर्णांक तीन."

मिनिटभर कोणालाच काही उमगेना. मीच ओरडलो, आशाबाईचं सांगणं विसरून, "अरे सहाच्या वर! सहाच्या वर हाये!"

मग काय विचारता! पोट्टे बाकावर चढले. बाया बायनाबाईच्या गळ्यात पडल्या. महेक ओरडून सांगत होती की परवानग्या बाकी आहेत, पहिल्या टप्प्यात तीनच पवनचक्क्या लागतील, आणि इथला वारा दिवस मावळल्यावर वाढतो, तेव्हा सोलरवाले झोपलेले असतात आणि विजेला भाव चांगला मिळतो, म्हणून कंपनी जास्तच खूश आहे. ऐकतं कोण? निकेश पुढे गेला आणि बायनाबाईच्या पाया पडला. "आजी, बोला काई. आज तुमचा दिवस हाये."

ती उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही निकेशची साल काढणार, मग माझी. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही. थेट दाराशी बसलेल्या नानाजीकडे पाहिलं.

"का जी," ती म्हणाली. "तुमी ट्रॅक्टर लावला तवा मले लबाडीचा राग नाई आला. बेचाळीस वर्षं संगं राहून तुमाले माह्या बोलन्यावर भरोसा नाई, त्याचा आला. साऱ्या गावानं नाई ठेवला तं नाई ठेवला. तुमी बी?"

नानाजी उठला. भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याच्या तोंडून एका दमात एवढे शब्द निघतील असं कोणी पैज लावून सांगितलं असतं तर मी उलट बाजूनं शेत लावलं असतं.

"तुह्यावर भरोसा होता व," तो म्हणाला. "वर वारा हाये हे मले बंडीवर चढली तवाच समजलं होतं. या लोकायवर भरोसा नव्हता. एक आकडा जरी कमी आला असता, तं ह्याईनं तुले हासून हासून जगू देलं नसतं."

निकेशनं मान खाली घातली. ज्यानं मागे फिस्सकन केलं होतं तो कुठे बघू म्हणून छताकडे बघायला लागला. आणि मी? "इथी फक्त गरम हाये" म्हणून पहिला हसणारा मीच होतो. पंखा आणून तिचं काम घालवणारा मी. मी उठलो, टोपी काढली.

"बायनाबाई," मी म्हणालो, "नानाजी खरं बोलून राह्यला. आमी हासलो असतो. मी सगळ्यात मोठ्यानं हासलो असतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा नानाजीकडे. पदरानं डोळे पुसले. आणि मग ती हसली, अगदी पोरीसारखी हसली. "एवढं एक वाक्य बोलाले दहा महिने लागले का जी तुमाले!"

"तू भांडे वाजवत होती," नानाजी म्हणाला.

सारं समाजमंदिर खदखदलं. महेक हसता हसता डोळे पुसत होती. बायनाबाई बायांमधून निघाली, वाटेतली माणसं सरकवत सरळ मागे गेली आणि दाराशी, पुरुषांच्या बाजूला, नानाजीच्या शेजारी जाऊन बसली. आमच्या गावसभेत आजवर कोणी बाई त्या बाजूला बसली नव्हती. त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. नानाजीनं जरा सरकून तिला जागा करून दिली, आणि सभा संपेपर्यंत ती तिथून उठली नाही.